माऊस घेताना आधी हात मोजा

माऊसच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा डीपीआयचा, म्हणजे बाणाच्या वेगाचा, असतो: ३२००, ८०००, कधी त्याहून मोठा. माऊस निवडताना हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी पट्टी घ्या.

हात टेबलावर सपाट ठेवा, बोटं जुळवा आणि मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. त्याच्या साधारण ६० टक्के लांबीचा माऊस बहुतेकांना बसतो. हात १७ सेंटिमीटर असेल तर माऊस १० च्या आसपास, १९.५ असेल तर पावणेबारा. तळहात माऊसवर टेकवून काम करणाऱ्यांसाठी हे माप ठीक. नुसत्या बोटांच्या टोकांनी माऊस हलवायची सवय असेल, तर सेंटिमीटरभर लहान चालतो. लॅपटॉपच्या बॅगेत मावावा म्हणून काढलेले चपटे, छोटे माऊस प्रवासाला बरे. आठ तासांच्या कामाला ते घेऊ नका, बोटं आखडतात आणि करंगळी दिवसभर टेबलावर घासत राहते.

मोठा माऊस वेगळा त्रास देतो. त्याचं बटण मागच्या बाजूला धरलेलं असतं आणि पुढच्या टोकाशी दबतं. तर्जनी टोकापर्यंत पोहोचली नाही तर बटण मध्यावरच दाबावं लागतं आणि तिथे ते कडक लागतं. दुकानात हे दोन सेकंदांत कळतं: नेहमीसारखी मूठ ठेवा, हात न सरकवता क्लिक करा.

मग काम कोणतं ते बघा. ऑटोकॅडवर (आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरवर) बसणाऱ्याने सगळ्यात आधी चाक तपासावं, कारण ड्रॉइंग सरकवायला ते दिवसातून शेकडो वेळा दाबून धरावं लागतं. चाक कडक असेल तर मधलं बोट दुखतं. फार सैल असेल तर दाबतानाच किंचित फिरतं आणि ड्रॉइंग सरकायच्या ऐवजी झूम होतं. हजारो ओळींच्या एक्सेल शीट बघणाऱ्यांना खटका काढून मोकळं फिरवता येणारं चाक सोयीचं. ब्राउझरमध्ये सतत मागे-पुढे जाणाऱ्यांना अंगठ्याजवळची दोन बटणं उपयोगी. ही बटणं बहुतेक माऊसना डाव्या अंगाला असतात, म्हणून डावखुऱ्यांच्या अंगठ्याऐवजी पलीकडच्या बोटांखाली जातात. त्यांनी दोन्ही बाजू सारख्या असलेला माऊस घ्यावा आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये मुख्य बटण उजवं करावं.

आता तो आकडा. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवला की बाण किती ठिपके सरकतो. १९२० ठिपके रुंदीची साधी फुल एचडी स्क्रीन आणि १००० डीपीआय असेल, तर या टोकापासून त्या टोकाला जायला माऊस जेमतेम ५ सेंटिमीटर हलवावा लागतो. ८००० वर हेच अंतर ६ मिलिमीटर होतं! एवढ्या हालचालीत एक्सेलचा एक चौकोनही धड पकडता येणार नाही. ८०० ते १६०० पुरे. फोर-के (फुल एचडीच्या दुप्पट ठिपके रुंदीची) स्क्रीन असेल तर १६०० जवळ राहा.

वायर की बिनवायर? जागेवरून न हलणाऱ्या मशीनला वायर उत्तम, सेलची कटकट नाही. बिनवायरमध्ये डोंगलवाला (यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा छोटा रिसीव्हर म्हणजे डोंगल) आणि ब्लूटूथवाला असे दोन प्रकार. ब्लूटूथने यूएसबी पोर्ट वाचतो, पण विंडोज नव्याने टाकताना किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) असा माऊस सहसा चालत नाही, म्हणून जुना वायरवाला माऊस फेकू नका. डोंगलवाल्याची नेहमीची तक्रार म्हणजे बाण मध्येच अडखळतो. बऱ्याचदा दोष माऊसचा नसतो. डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, शेजारी हार्ड डिस्क आणि फाइल कॉपी चाललेली: त्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निघतो आणि डोंगलही त्याच लहरींवर बोलत असतो. फूटभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल माऊसजवळ आणा. सेलच्या खणात डोंगल ठेवायची खाच आहे का, हेही बघून घ्या. डोंगल हरवला तर वाटेल तो दुसरा चालत नाही. लॉजिटेकचेच युनिफाइंग आणि बोल्ट हे डोंगल एकमेकांच्या माऊसला जुळत नाहीत.

टेबलावर काच असेल तर साधा माऊस गडबडतो. त्याचा सेन्सर खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो बारीक फोटो काढून हालचाल ताडतो आणि गुळगुळीत काचेवर त्याला ताडण्यासारखं काही दिसत नाही. महागडा सेन्सर घेण्यापेक्षा कापडी पॅड अंथरा.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी मऊ रबरी लेपाचे माऊस टाळावेत. हातात छान लागतात, पण दमट हवा आणि घामाने तो लेप काही वर्षांत चिकट होतो. खरखरीत साधं प्लास्टिक टिकतं.

मनगट दुखत असेल तर उभा माऊस वापरून बघा. हस्तांदोलनाच्या स्थितीत हात राहतो, त्यामुळे मनगटाचा पीळ कमी होतो. पहिला आठवडा नेम चुकतो. दुखणं थांबत नसेल तर डॉक्टरला दाखवा, माऊस बदलत बसू नका.

घरी आणल्यावर, परतीची मुदत संपायच्या आत, तीन चाचण्या करा. एखाद्या फोल्डरवर सावकाश, दोन क्लिकमध्ये दोन सेकंद सोडून, पन्नास वेळा एकेरी क्लिक करा. फोल्डर आपोआप उघडला तर बटणाखालच्या स्विचमधली धातूची पट्टी नीट टेकत नाहीये, एका दाबात दोनदा जोड लागतोय. मग लांब मजकूर दाबून धरून निवडा. निवड मध्येच सुटली तर तोच दोष. शेवटी चाक हळूहळू खाली फिरवा. पान मध्येच वर उसळलं तर चाकाच्या आतला एन्कोडर (फिरणं मोजणारा भाग) खराब आहे. तिन्हींपैकी एकही चुकलं तर दुरुस्तीच्या फंदात न पडता बिल घेऊन दुकानात जा. दोन-तीन वर्षं वापरून झाल्यावर हाच डबल क्लिकचा दोष आला, तर गोष्ट वेगळी: तीन पायांचा स्विच डाग देऊन (सोल्डर करून) बदलता येतो.