दादा गेल्यावर दाव्याची वाट कशी सापडली

दादा कामावर यंत्रात सापडून गेला. तिसऱ्याच दिवशी कंपनीचा माणूस आला आणि वहिनीपुढे कागद ठेवला: एवढी रक्कम घ्या, पुढे काही मागणी करायची नाही. वहिनीने पेन हातात घेतलं होतं. मी सही थांबवली. माझ्या मते सगळ्यात मोठं काम तेच झालं.

पोलिसांत गुन्हा नोंदला की भरपाईही मिळते, असा माझा समज होता. वकीलबाईंनी तो खोडला. फौजदारी खटला शिक्षेसाठी, भरपाईचा दिवाणी दावा वेगळा. दिवाणीत पुराव्याची कसोटी कमी कडक, म्हणून आरोपी सुटला तरी दावा टिकू शकतो. मात्र त्याला मुदत असते. दुःखात ती निघून जाते. (इंग्लंडात १८४६च्या कायद्याआधी असा दावा कुटुंबाला करताच येत नसे. भारतात तसा कायदा १८५५ साली आला.)

मग पुरावे. यंत्राची देखभाल-नोंदवही, फोटो, चित्रीकरण नष्ट करू नका, अशी लेखी नोटीस आधी पाठवली. भरपाई मुख्यतः घरच्यांचा आधार किती गेला यावर ठरते: त्याची कमाई, वय, अवलंबून असलेली माणसं. दादाच्या कपाटात एक छोटी वही होती. दर महिन्याला ‘आईचं औषध’, ‘पोरीची फी’, त्याच्याच अक्षरात. पगारपत्रकांसोबत तीही जोडली.

सुनावणीआधीच तडजोड झाली. रक्कम पहिल्या कागदापेक्षा कितीतरी जास्त होती, आणि पोरीचा वाटा तिच्या नावावर वेगळा ठेवून घेतला.