बेळगावात काम शोधताय? या चुका टाळा

उद्यमबागेतलं माझं काम सुटलं तेव्हा पहिले तीन आठवडे मी रोज सकाळी सव्वासात वाजता डबा घेऊन घरातून बाहेर पडत होतो. आईला सांगितलंच नव्हतं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडाखाली बसायचं, तिथंच डबा खायचा आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी यायचं. पुढं चौदा महिने बेकार होतो. त्यातले निम्मे तरी ह्या लपवालपवीनं खाल्ले.

काम गेलंय हे लपवणं

आपल्याकडच्या लहान कारखान्यांत माणूस लागला तर पेपरात जाहिरात येत नाही. ऑपरेटर कोल्हापूरकडं कागलला निघून जातो, सुपरवायझर गेटाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर विचारतो, "कोण असला तर बघ की रे." दोन दिवसांत जागा भरते. झाडाखाली बसलेल्याला हे कळणार कसं? मला शेवटी काम मिळालं ते जुन्या शिफ्टमधल्या एका मोल्डरमुळं, आणि त्याचाच फोन मी चार महिने उचलत नव्हतो.

सांगायचं तेही नीट सांगा. "काहीही चालेल" म्हणणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. मी नंतर असं सांगायला लागलो: व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशिन) चालवतो, सेटिंग येतं, प्रोग्रॅम वाचून बदलता येतो, नवा लिहिता येत नाही. हे शेवटचंही सांगायचं. त्यानं समोरच्याचा विश्वास बसतो.

मधल्या काळाचंही तेच. एका मुलाखतीत मी म्हटलं, वर्षभर गावाकडं शेती बघत होतो. समोरचा माणूस खानापूरचा निघाला. "भाताची लावण कधी केलासा?" मी म्हटलं, दिवाळीच्या सुमाराला. दिवाळीला आपल्याकडं भात कापणीला आलेलं असतं! सगळे हसले, मीपण हसलो, काम गेलं. "काम सुटलं, शोधतोय" एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं.

कन्नडचं सोंग, किंवा हट्ट

"कन्नड बर्तैतेनु?" म्हणजे कन्नड येतं का, असं कुणी विचारलं की आपण एक तर जोरात मान हलवतो, नाही तर मराठीचा मुद्दा काढतो. दोन्ही नुकसानीचं. मशिनवर मराठी, कन्नड, हिंदी सगळं चालतं; "स्वल्प", म्हणजे थोडं, असं खरं उत्तर दिलं तर कुणी हाकलत नाही. पण सूचनेचा बोर्ड वाचता आला पाहिजे, तेवढी अक्षरं महिन्याभरात येतात. आपल्या मराठीला त्यानं काही होत नाही.

सरकारी नोकरीचं मात्र वेगळं. केपीएससीच्या, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या, सक्तीच्या कन्नड पेपरात 150 पैकी 50 गुण लागतात. मराठी माध्यमाची हुशार पोरं सामान्य ज्ञान पाठ करत बसतात आणि हा पेपर शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. उलटं करा.

दोन राज्यांचे कागद एकात मिसळणं

इथं सगळ्यात जास्त पोरं अडकतात. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गाच्या 3बी प्रवर्गात येतो, पण तो दाखला घेऊन महाराष्ट्रात आरक्षण मागता येत नाही. राज्यघटनेच्या कलम 371(जे) चं आरक्षण आपल्याला आहे असं कित्येकांना वाटतं. ते कल्याण कर्नाटकाला, म्हणजे बिदर, कलबुर्गी, रायचूर वगैरे जिल्ह्यांना आहे. बेळगाव त्यात नाही.

महाराष्ट्र शासनाच्या भरतीत सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो. त्यासाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, तोही जाहिरातीत दिलेल्या नमुन्यात. आपलं गाव यादीत आहे का, हे आधी बघा. जाहिरात आल्यावर धावपळ सुरू केली तर दाखला हातात पडेपर्यंत मुदत संपते.

आणि नाव! माझ्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्ककार्डावर आडनावाच्या जागी नुसतं इनिशियल, आधारवर कन्नडवरून इंग्रजीत आलेलं तिसरंच स्पेलिंग, पीएफला चौथं. काम असताना ह्याचा काही त्रास नसतो. काम सुटून पीएफ काढायला गेलो की पैसे अडकले. रिकामे दिवस आहेत तोवर हे एकसारखं करून घ्या. काम लागल्यावर रजा कोण देतो?

पगाराचा नुसता आकडा बघणं

कागलला मला इथल्यापेक्षा चार हजार जास्त मिळत होते. खोली, मेस आणि दर शनिवारची बस वजा केल्यावर हातात उरले तीनशे. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत, तिथं काम शिकायला मिळणार असेल तर कमी पगार सोसावा, असं माझं मत आहे. पुण्याला जायचं तर जरूर जा, पण हिशेब वहीत मांडून.

पहाटे ग्राउंडवर पळणाऱ्या पोरांनाही हेच सांगतो. सैन्यात अग्निवीरची चार वर्षं, पुढं चारातल्या एकालाच ठेवून घेणार. पळायला हरकत नाही, पण आयटीआय सोडून पळू नका.

कामासाठी पैसे भरणं

"ट्रेनिंग फी" म्हणून मी पाच हजार भरले आणि झेरॉक्स काढलेलं एक पत्र मिळालं. काम देणारा पैसे मागत नाही. आखाती देशात जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: परवानाधारक एजंटाला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. परवाना ई-मायग्रेट ह्या सरकारी वेबसाइटवर तपासता येतो.

युवा निधीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या बेकार भत्त्याचं, थोडक्यात. पदवीला महिन्याला 3,000, डिप्लोमाला 1,500, जास्तीत जास्त दोन वर्षं. पण ते पास होऊन सहा महिने काम न मिळालेल्या नव्या पोरांसाठी. अर्ज करून सोडून देऊ नका, अजून बेकार आहे हे मधूनमधून कळवावं लागतं. लाज कसली त्यात. माझा डिप्लोमा जुना, त्यामुळं मला काही नाही.

काम ठरलं की आनंदाच्या भरात एक विचारायचं राहतं: नाव कंपनीच्या पटावर की कंत्राटदाराच्या? कंत्राटदाराचं असेल तर दुसऱ्या महिन्यात पीएफचं पासबुक उघडून बघा. माझ्या पहिल्या कंत्राटदारानं सात महिने पैसे कापले होते, भरला एकही नव्हता.