प्रवाळबेटांमधून यॉट नेताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उशिरा पोहोचणं. अंतर 40 सागरी मैल, वेग 5 नॉट (तासाला 5 सागरी मैल), सकाळी आठला निघालो की दुपारी चारला नांगर पडेल, असा हिशोब आपण करतो. पण चार वाजता सूर्य कललेला असतो आणि बेटात शिरायची वाट पश्चिमेकडे जात असेल, तर समोरचं पाणी नुसतं चकाकत राहतं. खाली वाळू आहे की खडक, काही म्हणता काही कळत नाही. प्रवाळांत शिरायची वेळ साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना. म्हणून आधी पोहोचायची वेळ ठरवा आणि त्यावरून निघायची काढा, मग त्यासाठी रात्रभर मोकळ्या समुद्रातून चालावं लागलं तरी चालेल. उशीर झालाच, तर रात्र बाहेर खोल पाण्यात काढा. झोपमोड होईल, पण यॉटचा तळ शाबूत राहील.

शिरताना एकाने पोलराइज्ड चष्मा लावून नाळेवर, म्हणजे यॉटच्या पुढच्या टोकावर, उभं राहावं; डोलकाठीवर चढता आलं तर फारच उत्तम, कारण उंचावरून तळ जास्त स्वच्छ दिसतो. गडद निळं पाणी खोल. फिकट हिरवट-निळं म्हणजे खाली वाळू, पण उथळ. तपकिरी किंवा पिवळट डाग दिसला की प्रवाळ वरपर्यंत आलेलं आहे. ढगाची सावली हुबेहूब खडकासारखी दिसते. शंका आली तर वेग तोडा आणि बघत राहा: सावली सरकते, खडक जागचा हलत नाही.

चार्टप्लॉटरवर, म्हणजे नकाशावर यॉटची जागा दाखवणाऱ्या पडद्यावर, आंधळा विश्वास नको. दूरच्या कित्येक बेटांचे नकाशे अजूनही एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीवर उभे आहेत. जीपीएस तुमची जागा काही मीटरांत अचूक सांगतं, पण नकाशातलं बेटच सरकलेलं असेल तर त्या अचूकतेचा काय उपयोग? शिवाय झूम कमी असला की आख्खा खडक पडद्यावरून नाहीसा होतो. व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतली ‘टीम व्हेस्टास विंड’ची बोट 29 नोव्हेंबर 2014 च्या रात्री मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोसच्या प्रवाळांवर चढली. बोटीवर अनुभवी खलाशी होते आणि उत्तम उपकरणंही होती, पण नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला गेला नव्हता. नशिबाने माणसं वाचली. निघण्याआधी पूर्ण मार्ग मोठ्या झूमवर बोटाने चालून बघा आणि उपग्रह-छायाचित्रांशी ताडून पाहा.

कंकणद्वीपाच्या (मधे पाणी आणि भोवती प्रवाळाचं कडं असलेल्या बेटाच्या) खिंडीत भरती-ओहोटीच्या तक्त्यावर विसंबू नका. वाऱ्याकडच्या बाजूने लाटा प्रवाळभिंतीवरून आत पाणी ओततात आणि ते पाणी खिंडीतूनच बाहेर पडतं. त्यामुळे भरती चढत असतानाही प्रवाह बाहेरच वाहत असू शकतो. खिंडीच्या तोंडाशी प्रवाहाविरुद्ध वारा असेल तर उभ्या लाटा उठतात. त्या दिसल्या की थांबा.

नांगराच्या बाबतीत मला सर्वाधिक कळकळ वाटते, कारण इथली चूक यॉटपेक्षा प्रवाळाला जास्त भोवते. नांगर वाळूतच टाका. खोली 10 मीटर, नाळेची उंची दीड मीटर आणि चढणारी भरती 1 मीटर धरली, तर साडेबाराच्या किमान पाचपट, म्हणजे साठ-पासष्ट मीटर साखळी सोडावी लागते. वाऱ्याबरोबर यॉट फिरते, साखळी तळावर झाडूसारखी फिरते आणि वाटेतल्या प्रवाळाच्या ढिगाऱ्यांना गुंडाळते. रात्री केबिनमध्ये करकर ऐकू येते, ती हीच. उपाय सोपा आहे: नांगराजवळची साखळी तळावरच राहू द्या आणि पुढच्या साखळीला ठराविक अंतरावर तरंगते फुगे बांधा, म्हणजे ती खडकांच्या वर उचललेली राहते. मग मास्क लावून पाण्यात उतरा आणि नांगर खरंच रुतलाय का, हे डोळ्यांनी बघा.

तरीही साखळी अडकलीच तर विंडलासने, म्हणजे साखळी ओढायच्या यंत्राने, हिसका देऊ नका. साखळी तुटते नाहीतर प्रवाळ. एकाने पाण्यावरून बघत हाताने दिशा दाखवावी, दुसऱ्याने यॉट अगदी हळू, गुंडाळी पडली त्याच्या उलट फिरवावी. साखळी सैल पडेल तेवढीच आत घ्या.

आत शिरताना जीपीएसवर आपला माग न विसरता साठवा. मध्यरात्री वादळी सर आली आणि वारा फिरला, तर निवाऱ्याची जागा क्षणात खडकाकडे ढकलणारी होते. अशा अंधारात नकाशापेक्षा दिवसाउजेडी, पाणी बघत बघत आखलेली ती तुमची स्वतःची रेषच बाहेर पडायला भरवशाची.