गिटार बांधायला बसण्याआधी: बेळगाव-खानापूरच्या हवेला धरून तयारीची यादी

यादीतली पहिली वस्तू लाकूड नाही आणि रंधाही नाही. पहिला येतो हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजणारं यंत्र. खिशाएवढा डिजिटल चालतो, फक्त त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या बुचात मीठ घ्या आणि पाण्याचे चार थेंब टाका. मीठ ओलं व्हायला हवं, विरघळायला नको. ते बूच आणि हायग्रोमीटर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्के दिसला पाहिजे. ७१ दिसला तर यंत्र चार टक्के कमी दाखवतं, तसं त्याच्या पाठीवर लिहून टाका.

एवढा खटाटोप कशाला, तर आपल्या हवेसाठी. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची हवा आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. मार्चातल्या दुपारी तीच बेळगावात ४० च्या खाली उतरते. ८५ टक्क्यांच्या हवेत लाकडात १७-१८ टक्के पाणी मुरतं, ५० टक्क्यांत साधारण ९. या फरकाने ५५ मिलिमीटर रुंदीचा फ्रेटबोर्ड (नेकवरची, म्हणजे गिटारच्या दांड्यावरची, बोटं दाबायची पट्टी) अर्धा मिलिमीटर तरी आटतो. त्यात आडवे बसवलेले धातूचे फ्रेट मात्र आटत नाहीत. म्हणून जुलैत बसवलेल्या फ्रेटची टोकं मार्चात दोन्ही कडांनी बाहेर येतात आणि नेकवरून हात फिरवला की तळव्याला कानशीसारखी लागतात. मग कानस घेऊन एकेक टोक परत घासत बसावं लागतं.

तेव्हा कामाचं वेळापत्रक कॅलेंडरवर मांडा. लाकूड दिवाळीच्या सुमारास घरात यावं, नेक आणि फ्रेटबोर्ड जानेवारी ते मार्चमध्ये व्हावेत, पॉलिश मृग लागायच्या आत उरकावं. पावसाच्या दिवसांत बॉडीचा आकार कापणं, वायरिंग करणं चालेल. फ्रेट बसवणं आणि चिकटवकाम तेवढं टाळा. पाऊस लागेपर्यंत नेक अर्धवट राहिलाच, तर जुन्या लाकडी कपाटात तळाशी ४० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावून नेक वरच्या कप्प्यात ठेवा. हायग्रोमीटरही आतच ठेवा. आकडा ४५ ते ५५ मध्ये राहिला म्हणजे झालं.

अकूस्टिकचा कितीही ध्यास असला तरी पहिलं वाद्य सॉलिड (भरीव) बॉडीचं, स्क्रूने नेक बसवायचं इलेक्ट्रिक असावं. अकूस्टिकची वरची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची असते. ती आडवी आटू लागते, पण खाली चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या लांबीत आटत नाहीत, आणि त्या ओढाताणीत फळी चिरते. शिकण्याच्या वर्षात हे दुखणं नको.

आता लाकूड. बॉडीसाठी ५०० × १८० × ४५ मिलिमीटरचे दोन तुकडे मधोमध जोडायचे. मिरजेचे सतारमेकर वापरतात ते तून हलकं आहे. बॉडी सव्वादोन किलोच्या आसपास उतरते. फणस थोडा जड, सागवान तीन किलोपर्यंत जातं आणि तासाभराच्या वाजवण्यात खांद्याला कळतं. नेकला ७०० × ७५ × २५ चा सरळ रेषांचा तुकडा हवा. वखारीत फळी डोळ्यासमोर धरून लांबीच्या दिशेने बघा. रेषा कडेला तिरक्या निघून जात असतील तर ती फळी तारांच्या ताणाने पिळणार. तिथे गाठ असली तर फळी परत ठेवा, भाव कितीही उतरवला तरी. फ्रेटबोर्डला शिसवीची ५०० × ६५ × ७ ची पट्टी पुरते.

उत्तम सागवान खरं तर जुन्या घरांतून उतरवलेल्या चौकटी-तुळयांत मिळतं, वर्षानुवर्षं वाळलेलं. लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. नवीन सागवान किंवा शिसव घेताना वखारीची पावती सोडू नका. चंदगड-गडहिंग्लजकडून हद्द ओलांडून आणायचं असेल तर वनखात्याच्या वाहतूक पासाची चौकशी आधीच करा. घरी आणल्यावर टोकांना रंगाचा जाड हात द्या, खाली पट्ट्या घालून सावलीत रचा आणि दर रविवारी वजन करून पेन्सिलीने फळीवरच लिहा. तीन आठवडे वजन हललं नाही की लाकूड हवेशी जुळलं. सुक्या महिन्यांतच हे जुळायला हवं. ऑगस्टमध्ये थांबलेल्या वजनाला काही अर्थ नाही.

हत्यारं सुताराकडची नेहमीचीच: धारदार रंधा, ६ आणि १८ मिलिमीटरची पटाशी, गुण्या, कानस, सहा सी-क्लॅम्प. वर एक ट्रिमर (खाचा कोरायचं हातातलं विजेचं यंत्र) आणि त्याचं ६ मिलिमीटरचं सरळ बिट. ट्रिमर एका फेरीत ३ मिलिमीटरपेक्षा खोल घालू नका, बिट जळतं आणि कडा उपटतात. काचेच्या दुकानातून १० मिलिमीटर जाडीची काच कापून आणा. तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला की स्वस्तात खरी सपाट जागा मिळते. फ्रेटची पातळी काढायला ४०० मिलिमीटरची पोलादी पट्टी लागते. ती उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. बेळगावात राहण्याचा हा फायदा प्रत्येक गावच्या हौशी माणसाला नाही.

फ्रेटच्या खाचांसाठी वेगळी करवत लागते, इथे काटकसर करू नका. फ्रेटची जीभ (खाचेत जाणारा भाग) साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते आणि खाच ०.५८ ची हवी. लोखंड कापायच्या हॅक्सॉची खाच जवळजवळ एक मिलिमीटर पडते, तिच्यात फ्रेट डुलतो. उलट खाच अरुंद राहिली तर बावीस फ्रेट बावीस पाचरींसारखे काम करतात आणि नेक मागे वाकतो. पाठ असलेल्या बारीक करवतीचे दात तेलाच्या दगडावर दोन्ही बाजूंनी हलके घासले की खाच मापात येते. आधी टाकाऊ तुकड्यावर कापून त्यात फ्रेटवायर घालून बघा. ती बोटाने अर्धी शिरावी आणि पुढे हातोडीचे दोन हलके ठोके लागावेत.

मापं ६४८ मिलिमीटरच्या स्केलला, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीला, धरा. हे स्केल १७.८१७ ने भागलं की नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची तारा टेकायची पट्टी) पहिला फ्रेट ३६.३७ वर येतो. दुसरा ७०.७०, तिसरा १०३.१०, पाचवा १६२.५५, सातवा २१५.५१, बारावा बरोबर मध्यावर ३२४, आणि बाविसावा ४६६ च्या थोडा पुढे. प्रत्येक माप नटपासूनच घ्या. मागच्या फ्रेटपासून मोजत गेलात तर पाव मिलिमीटरची चूक बाराव्यापर्यंत तीन मिलिमीटर होते, आणि ते वाद्य कधीच सुरात लागत नाही. फ्रेटवायर दोन मीटर घ्या. सव्वा मीटर लागते, उरलेली वाया जातेच. नेकमध्ये जाणारा दोन्ही बाजूंनी फिरणारा ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी सळई) आधी हातात येऊ द्या, मगच त्याच्या मापाची खाच खणा. ती सहसा ६ मिलिमीटर रुंद आणि ९ खोल असते.

चिकटवताना बॉडीच्या जोडाला पांढरा फेविकॉल पुरतो. फ्रेटबोर्डला मात्र सावकाश सुकणारं इपॉक्सी वापरा. पांढऱ्या चिकटवणीतलं पाणी पातळ पट्टीच्या एकाच बाजूला मुरतं आणि ती वाकते. सागवान आणि शिसव तेलकट असतात, म्हणून चिकटवायच्या दहा मिनिटं आधी थिनरच्या फडक्याने पुसा. शिसवीची पूड नाका-डोळ्यांना त्रास देते, मास्क लावूनच घासा.

नेक बसवायच्या खाचेची रुंदी ५६, खोली १६. स्क्रूसाठी बॉडीतलं भोक साडेचार मिलिमीटरचं सैल ठेवा आणि नेकमध्ये तीनचं. दोन्हीकडे आटे धरले तर स्क्रू कितीही पिळला तरी मध्ये फट राहते. स्क्रूला मेण लावा, शिसव-सागात कोरडा स्क्रू तुटतो. ब्रिजची (बॉडीवर तारा अडकवायच्या पट्टीची) जागा शेवटी ठरवा. पहिल्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकायचा सरकता तुकडा) पुढे ओढून ६४८ वर आणा, म्हणजे जाड तारांना मागे सरकायला जागा राहते.

वायरिंगचं सामान थोडंच आहे. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपला, म्हणजे तारांची कंपनं पकडणाऱ्या भागाला, २५० के (किलोओहम) चे पॉट (आवाज आणि टोनची फिरती बटणं), हम्बकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ५०० के चे, ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ४० वॅटचा सोल्डरिंग आयर्न. २५ वॅटच्याने पॉटची पाठ तापत नाही आणि डाग कच्चा राहतो. दुकानात पॉटवर ए आहे की बी ते बघा, आवाजाला ए लागतो. ब्रिजपासून अर्थची तार विसरू नका, नाहीतर तारांना हात लावला तरी अँप घुमत राहतो.

पॉलिशला चपडा (लाख) सोपा पडतो, एक लिटर स्पिरिटला २०० ग्रॅम. दमट दिवशी लावला की पांढुरका ढग धरतो. नेकला मात्र चपडा नको, घामाने चिकट होतो. तिथे डबल बॉइल्ड जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, आणि तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा. ते आपोआप पेटतात.

तारा चढवल्यावर चोवीस तास थांबा. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यावर पाव मिलिमीटर फट, आणि तार मोकळी सोडून बाराव्यावर सहाव्या तारेखाली दोन आणि पहिलीखाली दीड-पावणेदोन मिलिमीटर उंची मोजा. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा. त्याची किल्ली बॅगेच्या खिशात राहू द्या, मृगाचे पहिले दोन पाऊस झाले की ती परत लागणार आहे.