मेलेले पक्षी उचलले म्हणजे बर्ड फ्लू गेला? पक्षी बघायला तळ्यावर जाताना या चुका टाळा

2025 च्या मार्चमध्ये सोलापुरात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. थोडे दिवस चर्चा झाली, मग विषय मागे पडला.

मेलेला पक्षी दिसत नाही म्हणजे जागा स्वच्छ झाली, असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. विषाणू विष्ठेतून पाण्यात आणि चिखलात उतरतो, पिसांवर राहतो, पक्षी निघून गेला तरी टिकतो. स्कॉटलंडच्या बास रॉक बेटावर 2022 मध्ये बर्ड फ्लूने हजारो गॅनेट (मोठे पांढरे समुद्रपक्षी) मेले. तिथे एका घरट्यातून शेजारच्याला चोच लागते, इतकी दाटी. मेलेल्यांच्या शेजारीच जिवंत पक्षी अंडी उबवत बसलेले. उठून जाणार तरी कुठे? फार वाईट वाटतं. बचावलेल्यांपैकी काहींची फिकट निळी बुबुळं काळी पडली.

हे समुद्रावरचं, आपल्याला काय, असं म्हणू नका. हा विषाणू खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या, थंड पाण्यात जास्त तग धरतो. पाणी चार अंशांच्या आसपास असेल तर महिनोन्‌महिने. तापलं की लवकर संपतो. उजनी धरणाचं पाणी गोडं, आणि पट्टकदंब हंस, कुरव असे पाहुणे पक्षी येतात ते हिवाळ्यातच. एप्रिल-मेचं सोलापुरी ऊन खरंच आपल्या बाजूचं आहे, पण जानेवारीत बाभळीच्या सावलीतल्या ओल्या चिखलाला त्याचा उपयोग नाही.

बुटांचं तर फार चुकतं. चिखलाने माखलेल्या बुटांवर ब्लीचिंगचं पाणी शिंपडून काही होत नाही, क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं. आधी काठावरच काडीने तळव्याच्या खाचा मोकळ्या करा. मग ब्रश आणि साबण, त्यानंतर जंतुनाशक. ते थोडा वेळ ओलंच राहू द्या आणि शेवटी कडक उन्हात वाळवा. ट्रायपॉडचे पायही असेच धुवायचे, ते हमखास राहतात. तळ्यावरच्या चपला घालून कोंबड्यांच्या खुराड्यात तर अजिबात जाऊ नका. आणि तळ्यात ब्लीचिंग ओतू नका, मासे मरतील.

मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, पाण्यात ढकलू नका, कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नका. लांबूनच फोटो काढून 1962 वर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बाजूला बदकं ठणठणीत पोहताहेत म्हणून कळवायचं टाळू नका; काही बदकं आजारी न दिसताही विषाणू घेऊन फिरतात.