व्हाइल लूप: कंडिशन कोणत्या ऑब्जेक्टला विचारताय ते आधी बघा

क्लास, ऑब्जेक्ट, मेथड हे जमतं असं धरून चालतोय, उदाहरणं जावातली आहेत पण गोष्ट बाकीच्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांनाही लागू होते. आणि "लूप अडकला ना, मग मध्ये एक ब्रेक टाक" हा सल्ला ऐकला असेल तर विसरून जा, त्याने लूप थांबतो खरा पण का अडकला होता ते कायमचं झाकलं जातं.

आधी लूप निवडा. किती वेळा फिरायचं ते माहीत असेल तर फॉर, नसेल तर व्हाइल, एकदा तरी फिरायलाच हवं असेल तर डू-व्हाइल. (डू-व्हाइलच्या महिरपी कंसात डिक्लेअर केलेलं व्हेरिएबल खालच्या कंडिशनला दिसत नाही, ते लूपच्या बाहेर काढा. पायथनमध्ये डू-व्हाइल नाहीच, त्यामुळे तिकडे हा प्रश्नच येत नाही.)

मग कंडिशन. आपल्या डोक्यात नेहमी "कधी थांबायचं" ते असतं आणि व्हाइलला हवं असतं "कुठवर चालू ठेवायचं", म्हणून थांबायचं वाक्य आधी साध्या मराठीत लिहा आणि मग उलटं करा. रांग संपली किंवा पाच चुका झाल्या की थांब, हे उलटं केलं की रांगेत काहीतरी आहे आणि चुका पाचपेक्षा कमी आहेत. 'किंवा'चं 'आणि' झालं बघा, इथेच निम्मे लोक घसरतात.

ही कंडिशन लूपमध्ये उघडी ठेवू नका, ज्या ऑब्जेक्टची माहिती लागते त्याच्याच क्लासमध्ये एक बूलियन (खरं-खोटं एवढंच उत्तर देणारी) मेथड करा, 'काम बाकी आहे का' अशा अर्थाच्या नावाची. आणि त्या मेथडने फक्त उत्तर द्यायचं, काही बदलायचं नाही. इटरेटरमध्ये (यादीतले आयटम एकेक करून देणारं ऑब्जेक्ट) 'पुढे काही आहे का' विचारणारं हॅज-नेक्स्ट आणि पुढचा आयटम देणारं नेक्स्ट वेगवेगळे आहेत ते उगाच नाही. हॅज-नेक्स्ट कितीही वेळा विचारा काही बिघडत नाही, पण नेक्स्ट कंडिशनमध्ये एकदा आणि आत परत एकदा बोलावलंत की एकाआड एक आयटम गायब.

आता खरी अडचणीची जागा. लूपच्या आतलं काम जे बदलतं ते आणि कंडिशन जे बघते ते, हे एकच ऑब्जेक्ट असलं पाहिजे. वाचायला इतकं सोपं वाटतं की कोणी सांगतच नाही, मी मात्र यात अख्खी संध्याकाळ घालवलीय. माझ्या ऑर्डर क्लासमध्ये आयटमची यादी देणारा गेटर (आतली माहिती बाहेर देणारी मेथड) होता, कंडिशन होती 'ऑर्डरच्या यादीत आयटम शिल्लक असेपर्यंत', आणि आत मी त्याच गेटरने यादी घेऊन तिच्यातला पहिला आयटम काढत होतो. लॅपटॉपचा पंखा बोंबलायला लागला, स्क्रीनवर तोच एक आयटम हजारो वेळा छापला जातोय, आणि मी काढायची ओळ दहादा वाचतोय, ओळ तर बरोबर! झालं होतं असं की गेटर दरवेळी यादीची नवी कॉपी देत होता (आतली यादी बाहेरच्यांनी बिघडवू नये म्हणून, आणि ते बरोबरच होतं), मी आयटम काढत होतो कॉपीतून आणि मूळ यादी जशीच्या तशी. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे, लूप चालवायचा तर गेटरमधून मिळालेल्या वस्तूवर काही करायचं नाही, 'पुढचा आयटम काढून दे' अशी मेथड ऑर्डरलाच द्यायची, म्हणजे विचारायचं तिलाच आणि बदलायचंही तिलाच.

ऑब्जेक्ट एकच असलं तरी दुसरा सापळा आहे, आतला प्रत्येक रस्ता काहीतरी पुढे सरकवतो का? याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ३१ डिसेंबर २००८ला मायक्रोसॉफ्टचे झून ३० हे गाणी ऐकायचे प्लेअर गोठले ते. दिवसांवरून वर्ष काढणारा लूप होता, दिवस ३६५पेक्षा जास्त असेपर्यंत फिर; आत, लीप वर्ष असेल आणि दिवस ३६६पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा कर, साधं वर्ष असेल तर ३६५ वजा कर. २००८ लीप वर्ष, दिवस बरोब्बर ३६६. कंडिशन म्हणते फिर, आतलं इफ म्हणतं माझं काम नाही, काहीच वजा होत नाही, फिरत बसा. म्हणून आत जितके इफ-एल्स आणि कंटिन्यू (बाकीचं सोडून थेट पुढच्या फेरीला जा) असतील तितक्या वाटांवर बोट ठेवून बघा, इथून गेलो तर काय बदललं. कॅच ब्लॉक (एक्सेप्शन, म्हणजे चालताना आलेली चूक, पकडणारा भाग) ही पण एक वाटच आहे हं! स्कॅनर या इनपुट वाचणाऱ्या क्लासच्या नेक्स्ट-इंटला आकड्याऐवजी अक्षरं दिली तर एक्सेप्शन येतं पण ती अक्षरं इनपुटमध्ये तशीच पडून राहतात, मग कॅचमध्ये नुसतं 'परत टाका' छापलंत तर ते छापतच राहील, तिथे नेक्स्ट-लाइन बोलावून ती ओळ आधी फेका.

बारीकसारीक गोष्टी: साध्या व्हाइलच्या कंसानंतर सेमीकोलन नको (डू-व्हाइलच्या शेवटी मात्र लागतो). स्ट्रिंग इक्वल्सने तपासा, दोन बरोबरच्या चिन्हांनी नाही. डबलमध्ये (दशांश संख्यांचा टाइप) ०.१ दहा वेळा मिळवून नेमका १ येत नाही, तिथे 'बरोबर नाही तोपर्यंत' न लिहिता 'पेक्षा कमी' लिहा.

चालवून बघताना रिकामी यादी, एक आयटम आणि बरेच आयटम, एवढं पुरे. तरी अडकलाच तर प्रिंट ओळी पेरत बसू नका, डीबगरमध्ये (प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) पॉज दाबा, कंडिशनमधलं ऑब्जेक्ट आणि आत बदलतंय ते ऑब्जेक्ट यांचे आयडी शेजारी शेजारी बघा. माझ्या वेळी ते दोन वेगळे आकडे अख्खी संध्याकाळ समोरच होते, मीच बघितले नव्हते.