या चुका टाळा: श्वासचाचणी आणि वेळेचा चुकलेला हिशेब

मद्यपान करून वाहन चालवल्याच्या संशयावरून पोलीस गाडी थांबवतात, तेव्हा वाद यंत्रावरील आकड्यावरून होतो. तो आकडा नेमका कधी घेतला, हे मात्र अनेकदा कोणी विचारतच नाही.

सर्वांत मोठी गफलत तोंडातील आणि रक्तातील अल्कोहोल एकच समजण्यात आहे. शेवटचा घोट नुकताच घेतलेला असेल किंवा अल्कोहोलयुक्त माउथवॉशने चूळ भरलेली असेल, तर फुप्फुसातील हवेत तोंडातील वाफ मिसळून आकडा फुगतो. ही वाफ साधारण १५ मिनिटांत विरते. म्हणून तेवढा वेळ चालकाला काहीही खाऊ-पिऊ न देता नजरेसमोर थांबवावे आणि मगच नवी नळी लावून चाचणी घ्यावी. चालकानेही माउथवॉशची गोष्ट फुंकण्यापूर्वीच सांगावी; आकडा दिसल्यावर सांगितलेले खरे कारणही सबब वाटते.

गाल फुगवून मारलेली अर्धवट फुंकर निरुपयोगी असते. अनेक यंत्रे रक्त आणि श्वास यांतील अल्कोहोलचे २१०० ला १ हे प्रमाण गृहीत धरतात व ते खोल फुप्फुसातील हवेसाठी असते. त्यामुळे ओठ नळीभोवती घट्ट मिटून, थांबायला सांगेपर्यंत एकसारखे फुंकावे.

कॉफी, थंड पाण्याची अंघोळ किंवा पुदिन्याची गोळी यांनी रक्तातील अल्कोहोल उतरत नाही. १०० मिलिलिटर रक्तामागे ते तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम या संथ गतीनेच घटते, म्हणजे मध्यरात्री १२० मिलिग्रॅम असलेल्या माणसाच्या रक्तात, झोप पूर्ण झाली तरी, सकाळी ६ वाजता अंदाजे ३० मिलिग्रॅम उरलेले असते. याउलट, शेवटच्या पेल्यानंतर काही काळ प्रमाण वाढतच राहते; ‘आता ठीक वाटतेय, लगेच निघू’ हा हिशेब तिथेच फसतो.

अमेरिकेत प्रचलित असलेल्या चाचण्यांत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटे लावत सरळ रेषेत ९ पावले चालणे आणि एका पायावर ३० सेकंद उभे राहणे यांचा समावेश आहे. गुडघेदुखी असलेला माणूस त्यांत न पिताही डगमगेल, म्हणून असा त्रास आधीच सांगून नोंदवून घ्यावा.

रक्ताचा नमुना द्यायचा झाल्यास स्पिरिटच्या बोळ्याने त्वचा पुसू देऊ नये आणि कुपीवर नमुना घेतल्याची वेळ लिहिली आहे ना, हे पाहूनच सही करावी.